निरंक : गोपनीय शाखेची वाटचाल

पोलीस ठाण्याच्या गोपनीय विभागात काम केलेल्या प्रत्येकाच्या हातून एक शब्द हजारो वेळा लिहिला गेला आहे : 'निरंक'. हद्दीत आज कळवण्यासारखे काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. भवानीनगर, सणसर, बेलवडी, लासुर्णे या पट्ट्यात फिरून मी तो कितीदा लिहिला याचा हिशेब नाही. लिहिताना हात मात्र दरवेळी थोडा अडखळायचा. काही घडले नाही आणि आपल्याला काही कळले नाही, या दोन्ही गोष्टींना आमच्याकडे हा एकच शब्द आहे.

गोपनीयमधून निवृत्त झालेली मंडळी आणि परिसरातील पोलीस पाटील यांच्या भवानीनगरच्या मेळाव्यानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. 'खात्याचा इतिहास तुम्हीच लिहा,' असा संपादकांचा आग्रह झाला. हे काम अवघड आहे. शाळा, कारखाना, पतसंस्था यांचे इतिहास लिहिले जातात, कोनशिलेवर नावे कोरली जातात. आमच्या खात्याला कोनशिला नाही. यशस्वी झालेले काम कुणाला कळत नाही आणि फसलेले काम मात्र चौकशी आयोगाच्या अहवालात कायमचे छापले जाते. म्हणून उघड असलेल्या नोंदींवरून आणि जे स्वतः केले त्यावरून जेवढे सांगता येते तेवढे येथे लिहिले आहे. बातमीदारांची नावे मी कालही सांगितली नाहीत, आजही सांगणार नाही.

सुरुवात आपल्याच भागापासून करतो, कारण लोकांची समजूत सिनेमावर पोसलेली असते. गोपनीय अंमलदार म्हणजे काळा चष्मा नव्हे. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की आमचे अर्धे काम कारखान्याच्या रस्त्यावर असायचे. बैलगाड्यांची रांग कुठपर्यंत आली आहे, गाड्या खाली व्हायला किती वेळ लागतो आहे, बीड आणि नगरकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्यांवर मुकादमाशी उचलीवरून कुरबूर चालली आहे का, हे पाहायचे. टपरीवर चहा घेताना माणसे उसाच्या दराबद्दल काय बोलतात ते ऐकायचे, आणि बोलायची बंद झाली असतील तर ते अधिक लक्षात ठेवायचे. उन्हाळ्यात निरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले की टेलच्या गावांत कुणाचा संयम सुटत चालला आहे ते पाहायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये राजू शेट्टी ऊसदरासाठी बारामतीत उपोषणाला बसले. असे आंदोलन एका रात्रीत उभे राहत नाही. गावोगावच्या बैठकांत, पारावर, दूध संकलन केंद्रावर ते आधी कित्येक दिवस बोलले जाते. ते बोलणे वेळेत वर पोहोचले तर सरकारला चर्चेला अवधी मिळतो, आणि पोहोचले नाही तर सरकारच्या हातात फक्त लाठी उरते.

आणि पालखी. संत तुकाराम महाराजांचा सोहळा बारामतीहून निघतो, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, भवानीनगरवरून सोहळा सणसरला मुक्कामी जातो, पुढे बेलवडीला गोल रिंगण. बंदोबस्ताचा आराखडा ठाण्यात बसून तयार होतो, पण त्याचा कच्चा माल गोपनीयचा माणूस आणतो : यंदा कुठल्या दिंडीत मागच्या वर्षापेक्षा जास्त माणसे आहेत, कुठल्या विहिरीवर टँकर भरण्यावरून गेल्या खेपेला वाद झाला होता, रिंगणाच्या मैदानाची कुठली कड पावसाने खचली आहे. वारकऱ्यांना हे कधी कळत नाही. कळू नये हेच बरे.

हे काम आपल्या मातीत जुने आहे. ज्यांच्या नावाने कारखाना उभा आहे त्या छत्रपतींच्या राज्यात बहिर्जी नाईक यांच्या हेरांनी आणलेल्या बातमीवर मोहिमा आखल्या जात. जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या स्वारीआधी शहराची इत्थंभूत माहिती महाराजांकडे होती, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. बहिर्जींची समाधी खानापूर तालुक्यातील बाणूरगडावर दाखवतात. मी दोनदा जाऊन आलो आहे. तेथे उभे राहिल्यावर माझ्या मनात एकच विचार आला. ज्याचा पराक्रम कुणालाही दिसू नये असाच होता, त्याची आठवण लोकांनी साडेतीनशे वर्षे जपली. पेशवाईत जासूद, अखबारनवीस आणि दरबारोदरबारी बसलेले वकील हे काम करीत आणि नाना फडणवीसांच्या बातमीची धास्ती हिंदुस्थानभर होती.

पुढे तीच बातमी उलटीही फिरली. पुण्यात इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनला आतली खबर देणारे बाळाजीपंत नातू आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजांचे निशाण हे मराठी माणसाच्या मनातील जुने शल्य आहे. पण या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. ऐंशी वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याच नातू घराण्यातील दोघा बंधूंना इंग्रज सरकारने खटला न चालवता १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली स्थानबद्ध केले. खबर देणाऱ्याच्या निष्ठेची आठवण परके सरकार किती दिवस ठेवते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आजच्या खात्याचा कागदोपत्री जन्म मात्र इंग्रजी अमलातला. ठग आणि दरोडेखोर यांच्या बंदोबस्तासाठी असलेल्या जुन्या खात्याला जोडून २३ डिसेंबर १८८७ रोजी मध्यवर्ती विशेष शाखा मंजूर झाली. केंद्राचा गुप्तचर विभाग, म्हणजे आयबी, हाच आपला स्थापना दिवस मानतो. प्रांतोप्रांतीही विशेष शाखा आल्या. मुंबई इलाख्यात जिल्ह्यांतून येणाऱ्या बातम्यांचे गोषवारे तयार होऊ लागले. सभा कुठे झाली, कोण बोलले, श्रोते किती होते. देशी भाषांतील वृत्तपत्रांचा इंग्रजी साप्ताहिक सारांश तर त्याआधीपासून निघत होता. त्या काळच्या शाखेला चोरापेक्षा वक्त्याची धास्ती अधिक होती. तिचा पाया राज्यकर्त्याच्या भीतीवर घातला गेला होता आणि त्या भीतीचे डाग पुसायला पुढे फार वर्षे लागली. काही ठिकाणी ते अजून पुसायचे आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने २०,००० रुपयांचे इनाम लावले. तपासासाठी मुंबईहून ब्रुईन हा अधिकारी आला. इनामाच्या आशेने द्रविड बंधूंनी माहिती दिली आणि दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये द्रविड बंधू मारले गेले आणि त्यासाठी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनाही फाशी झाली. इनाम लावून आणलेल्या बातमीवर खटले उभे राहिले, पण त्या बातमीने पुण्यात सरकारबद्दल कुणाच्या मनात आपलेपणा निर्माण केला नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग असावा अशी शिफारस केली आणि सीआयडी हा शब्द आपल्या बोलीत आला. गावाकडे आजही साध्या वेशातील कुणीही पोलीस म्हणजे 'शीआयडी'च.

१९०९ साल या खात्याला देशाबाहेर घेऊन गेले. १ जुलैला लंडनमध्ये इंग्रज अधिकारी कर्झन वायलीचा वध झाला, २१ डिसेंबरला नाशकात विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. लंडन, पॅरिसमधील हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवण्यासाठी जी गुप्त कचेरी उभी राहिली तिचा प्रमुख होता जॉन वॉलिंजर, मुंबई पोलिसांतला अधिकारी. पहिल्या महायुद्धात त्याने स्वित्झर्लंडमध्ये हेरांचे जाळे विणले आणि सॉमरसेट मॉम हा पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक त्यात कामाला होता. मुंबई इलाख्यात पाळतीचे धडे गिरवलेला माणूस युरोपातल्या हेरांचा साहेब झाला, ही नोंद आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

याच यंत्रणेने साताऱ्यात हात टेकले. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत झाले, प्रतिसरकार उभे राहिले, सरकारने इनामे लावली, पथके फिरवली. नानांना ते कधीच पकडू शकले नाहीत. विशेष शाखा होती, कागद होते, पैसाही होता. गाव बोलत नव्हते. खबऱ्यांना प्रतिसरकारची दहशत होती हे खरे, पण केवळ दहशतीने कित्येक गावे चार वर्षे गप्प राहत नाहीत. मी सेवेत असताना नव्या पोरांना हे उदाहरण नेहमी देत असे. गाव ज्याला आपले मानते त्यालाच खबर देते.

मग सरकार आपले झाले, आणि सहाच महिन्यांत या खात्याच्या इतिहासातील सर्वांत काळे पान लिहिले गेले. ते मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण त्यात पुण्याचा भाग फार मोठा आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. मदनलाल पहवा जागीच सापडला. त्याच्या बोलण्यातून करकरे हे नाव मोडतोड होऊन का होईना बाहेर आले, आणि पुण्याच्या एका वृत्तपत्राचा संपादक कटात असल्याचेही आले. इकडे मुंबईत रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून, हा मदनलाल आपल्याजवळ काय बोलला होता ते सांगितले. मोरारजींनी ते मुंबईच्या विशेष शाखेचे उपायुक्त नगरवाला यांच्या कानावर घातले. दिल्लीहून दोन अधिकारी विमानाने मुंबईला आले आणि फारसे काही हाती न लागता परत गेले. नगरवाला गांधीजींच्या अपहरणाचा कट असावा या तर्कामागे होते.

पुण्याच्या सीआयडीचे उपमहानिरीक्षक राणा त्या दिवसांत योगायोगाने दिल्लीतच होते. मदनलालच्या जबाबाची प्रत त्यांच्या हाती देण्यात आली. ती घेऊन ते विमानाने आले नाहीत. अलाहाबादमार्गे रेल्वेने निघाले आणि २७ तारखेला मुंबईत पोहोचले. मधल्या काळात पुण्याला एक फोन झाला असता तर? पुण्यातून निघणाऱ्या 'अग्रणी', पुढे 'हिंदुराष्ट्र', या पत्राचा संपादक नथुराम विनायक गोडसे आणि त्याचा साथीदार नारायण आपटे यांची नावे सरकारच्याच वृत्तपत्रांच्या यादीत छापलेली होती. पुण्याच्या पोलिसांना हे दोघे चेहऱ्याने माहीत होते. त्यांना ओळखणारे चार शिपाई दिल्लीत प्रार्थनासभेच्या दारात उभे करायचे होते, एवढेच. ३० जानेवारीला संध्याकाळी ते कुणीच तेथे नव्हते.

गांधीहत्येच्या खटल्याचे न्यायाधीश आत्माचरण यांनी त्या दहा दिवसांतील पोलिसांच्या ढिलाईवर निकालपत्रात ठपका ठेवला. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात एकेक दिवस उलगडून दाखवला. मी तो अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोपलो नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा जीव वाचवणारी माहिती कुठल्या शत्रूच्या तिजोरीत नव्हती, ती आपल्याच कपाटात एका यादीच्या ओळीत होती. दिल्लीने पुण्याला विचारले नाही, पुण्याच्या साहेबाने आपल्या कचेरीला कळवले नाही, मुंबई आपल्या तर्कात गुंतली. माझ्या मते गुप्तवार्ता शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गाचा पहिला तास या दहा दिवसांवर व्हावा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. सीआयडीची गुप्तवार्ता शाखा पुढे गुन्हे तपासापासून वेगळी होऊन राज्य गुप्तवार्ता विभाग म्हणून उभी राहिली. तिचे प्रमुख आयुक्त, मुख्यालय मुंबईला. देशपातळीवर चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या अनुभवानंतर २१ सप्टेंबर १९६८ रोजी परदेशी गुप्तवार्तेसाठी रॉ वेगळी झाली, हे वाचकांना माहीत असते. आपल्या खात्याची उतरंड मात्र फार थोड्यांना माहीत असते. राज्याचा विभाग वर. जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली जिल्हा विशेष शाखा, आमच्या तोंडी डीएसबी. शहरांत आयुक्तालयाची विशेष शाखा. ठाण्यात गोपनीय अंमलदार. आणि सर्वांत खाली, खरे तर सर्वांत आधी, पोलीस पाटील.

वतनदारी पाटीलकी गेली, पण गावात सरकारचा कान हवाच होता. १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला आणि पोलीस पाटलाच्या कर्तव्यांत गावातील गुन्हे, सार्वजनिक शांतता यांची माहिती दंडाधिकारी आणि पोलिसांना देणे हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. इंदापूर, बारामतीच्या गावांत प्रांत कार्यालयाकडून नेमणूक होते, मानधन तुटपुंजे मिळते, आणि रात्री दोन वाजता बांधावरून मारामारी झाली तरी पहिला फोन पाटलालाच जातो. आमच्या अहवालाच्या पहिल्या ओळीमागे अनेकदा पाटलाने चुलीपुढे बसून सांगितलेले दोन शब्द असत. अनेक ठिकाणी आता महिला पोलीस पाटील आहेत. घरातला छळ, मुलींचे लपूनछपून ठरवलेले बालविवाह या बातम्या त्यांच्यामुळे ठाण्यापर्यंत येऊ लागल्या. पुरुष अंमलदाराला त्या घराच्या उंबऱ्याआतले कधीच कळले नसते.

पारपत्रासाठी अर्ज केला की चौकशीला येणारा, नोकरी लागली की चारित्र्य पडताळणी करणारा, तोही विशेष शाखेच्याच कामाचा माणूस. बहुतेक नागरिकांची आमच्याशी गाठ तेवढीच पडते. या खात्याने अटक करायची नसते, गुन्ह्याचा तपास करायचा नसतो. बातमी आणायची, ती खरी की खोटी हे दुसऱ्या वाटेने ताडून पाहायचे, अर्थ लावायचा आणि ज्याने कारवाई करायची त्याच्याकडे वेळेत पोहोचवायची. यातले बातमी आणणे लोकांना थरारक वाटते. माझ्या अनुभवात ताडून पाहणे सर्वांत कठीण. गावात भावकीचा वाद असतो, कारखान्याची निवडणूक असते, आणि एक गट दुसऱ्याबद्दल गोपनीयच्या कानात काहीबाही सोडत असतो. तसा एखादा कागद माझ्याही हातून घाईने वर गेला. एका निरपराध माणसाला ठाण्यात चार तास बसावे लागले. त्याने मला नंतर कधी दोष दिला नाही; मी स्वतःला आजही देतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ जीव गेले. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे आधी आलेले होते. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने राज्याच्या यंत्रणेची तपासणी केली. आलेले इशारे एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावणे आणि पाठपुरावा करणे यातल्या उणिवा त्यांनी दाखवल्या. साठ वर्षांपूर्वीच्या त्या दहा दिवसांचीच ही आवृत्ती. त्यानंतर खात्यात बदल झाले. सहायक गुप्तवार्ता अधिकारी ही सरळ भरतीची पदे आली, पुण्यात महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनी सुरू झाली. पूर्वी गोपनीयला बदली म्हणजे कोपऱ्यात बसवल्याची भावना असायची, आता पोरे अभ्यास करून या कामासाठी येतात, संगणकावर नकाशे मांडतात. मला त्यांचा अभिमान वाटतो. फक्त त्यांनी टपरीवरचा चहा सोडू नये.

कायद्याने या खात्याला झाकून ठेवले आहे आणि लगामही घातला आहे. माहिती कुणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने राज्यांना आपल्या गुप्तवार्ता संघटना वगळण्याची मुभा दिली, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती त्यातून सुटत नाही. फोन ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दंडक घातला : गृह सचिवाचा लेखी आदेश हवा, त्याचे पुनर्विलोकन हवे. काही सहकाऱ्यांना हे अडथळे वाटत. मला ते नेहमी आधार वाटले. साहेबाने तोंडी काही सांगितले तर 'लेखी द्यावे' म्हणायला त्यामुळेच बळ मिळाले. ज्या दिवशी हे खाते राज्यकर्त्याच्या विरोधकांचा माग काढण्यात रमेल, त्या दिवशी ते पुन्हा १८८७ सालात जाईल, आणि गाव पुन्हा गप्प होईल.

आता शेवटची विनंती. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या शासनाने १९५७-५८ पासून मुंबई सरकारच्या गुप्त दप्तरांतील निवडक कागद स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथांत छापले, म्हणून टिळकांच्या सभेला कोण अंमलदार बसला होता आणि त्याने काय टिपले हे आज कुणालाही वाचता येते. १९६० नंतरच्या आपल्या कामाचे असे काही उरलेले नाही. ज्या कागदांची गोपनीयता संपली आहे ते शासनाने रद्दीत न घालता पुराभिलेखागारात द्यावेत. आणि पोलीस पाटील बंधू-भगिनींनो, तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या पेटीत जुन्या वह्या असतील, पालखीच्या बंदोबस्ताच्या, दुष्काळी कामांच्या, कालव्यावरच्या भांडणांच्या नोंदी असतील. माणसांची नावे झाकून ठेवा, पण वह्या भंगारवाल्याला देऊ नका. मेळाव्याच्या दिवशी त्या घेऊन या. आपण बसून वाचू.